डॅशबोर्ड हिरवा, गाडी गॅरेजमध्ये

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर देतोय. बोलण्यातला गावाकडचा सूर तसाच ठेवलाय.

मी मूळचा बीबीचा, लोणार तालुका, जिल्हा बुलढाणा. बी.टेक. झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये लागलो. आज बोलायचंय ते मोठ्या संस्थांच्या गाड्यांच्या ताफ्याबद्दल आणि प्रकल्पातल्या जोखमीबद्दल. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

एका मोठ्या कारखान्याच्या कामगार-बससाठी आम्ही डॅशबोर्ड केला होता. किती गाड्या वेळेवर सुटल्या, ते त्यावर दिसायचं. ९० टक्के किंवा जास्त असेल तर हिरवा रंग. दोन आठवडे स्क्रीन हिरवीगार. साहेब लोक खूश, मीही खूश. मग एका ड्रायव्हर काकांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर असेल, पण माझी गाडी चार दिवस झाले गॅरेजला उभी आहे."

तपासलं तेव्हा कळलं. समजायला सोपे आकडे घेतो. समजा १०० गाड्या आहेत. त्यातल्या १० दुरुस्तीला, बॅटरी काढलेली, म्हणून जीपीएस बंद. ज्यांचा डेटा येत नाही त्या गाड्या माझा प्रोग्राम मोजतच नव्हता. उरलेल्या ९० पैकी ८१ वेळेवर, म्हणजे ९० टक्के, हिरवा. खरा हिशेब १०० पैकी ८१, म्हणजे ८१ टक्के, लाल. स्क्रीन हिरवी म्हणून कुणी जादा गाडी मागवली नाही, आणि रात्रपाळी सुटलेल्या बायका गेटवर ताटकळत उभ्या राहिल्या. ती चूक माझ्या एका ओळीतली होती.

आता हेच मोठ्या पातळीवर बघू. आपली एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली. कोरोनाआधी ताफा १८ हजारांच्या आसपास होता, नंतर तो १५ हजारांच्या आसपास आला. एवढा ताफा तोलायचा तर काही आकडे रोज बघावेच लागतात: भारमान, म्हणजे सीटच्या मानाने प्रवासी किती, एका लिटरला किती किलोमीटर, एक गाडी दिवसाला किती चालली, वाटेत बंद किती पडल्या, आणि रद्द फेऱ्या.

यातला शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जी गाडी सुटलीच नाही ती वाटेत बंद पडत नाही, डिझेल खात नाही, रिकामीही धावत नाही. बाकीचे काही आकडे तिच्यामुळे उलट चांगलेच दिसतात! पण बारावीतली पोरगी मोफत पास हातात घेऊन फाट्यावर उभीच राहते. पास आहे, गाडी नाही.

मग फेरी रद्द का होते? इथे प्रकल्पाची जोखीम येते. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. मे २०२५ पर्यंत जेमतेम दोनशेच्या वर आल्या होत्या, आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करायला सांगितलं. कागदावर ही 'पुरवठ्यात विलंब' अशी एक ओळ असते. जमिनीवर तिची साखळी होते: नवी गाडी आली नाही, म्हणून जुनी आणखी वर्षभर चालवली, ती जास्त वेळा कार्यशाळेत गेली, आणि मग फेरी रद्द. म्हणून जोखमीच्या यादीत फक्त 'उशीर होईल' लिहून भागत नाही. उशीर झाला तर त्या दिवशी कोणती गाडी कुठून काढणार, हेही तिथेच लिहायला पाहिजे.

दुसरी जोखीम वेगळी असते. क्वचित घडते, पण घडली की सगळं संपतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, आमच्या शेजारच्या सिंदखेड राजा तालुक्यात, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. ३३ जणांपैकी २५ गेले. आमच्या भागात अजूनही हा विषय निघाला की माणसं गप्प होतात. दरवाजाची बाजू खाली गेल्यावर बाहेर पडायचं कुठून, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सरासरीत मिळत नाही. हजार फेऱ्या सुखरूप झाल्या तरी आपत्कालीन दार उघडतं का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, ड्रायव्हरची झोप झाली का, हे प्रत्येक फेरीआधी बघावंच लागतं. ते टक्क्यांत मोजायचं काम नाही. हो किंवा नाही.

त्या फोननंतर मी दोन बदल केले. डेटा न देणारी गाडी आता राखाडी दिसते आणि एकूण हिशेबात धरली जाते. आणि दर सोमवारी तीन ड्रायव्हरांना फोन करून विचारतो, "काका, स्क्रीन खरं बोलतेय का?" पहिल्याच सोमवारी दोघांनी "नाही" म्हटलं.

तुम्ही कुठल्याही ऑफिसात असा, तुमच्या रिपोर्टमध्ये कोण मोजलंच जात नाही, ते एकदा शोधा. सापडलं तर मला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया.