मेदाचें स्थलांतर

झाडाचें रोप एका वाफ्यांतून काढून दुसऱ्या वाफ्यांत लावावयाचें तर त्याच्या मुळांशीं मातीचा गोळा राखावा लागतो, हें प्रत्येक माळ्यास ठाऊक असतें. मनुष्यशरीराचा एखादा भाग एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणीं लावणाऱ्या शस्त्रवैद्यासही हाच नियम पाळावा लागतो. फरक इतकाच कीं, येथें मातीचें काम रक्त करतें. पोटावरची अगर मांडीवरची चरबी काढून ती गाल, स्तन किंवा नितंब यांत भरावयाची आणि शरीरास इष्ट आकार द्यावयाचा, ही शस्त्रक्रिया आज जगांत फार लोकप्रिय झाली आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही ती होते. जेथें जास्त आहे तेथून काढून जेथें कमी आहे तेथें घालणें, इतकाच हा सोपा व्यवहार आहे, असें तिची जाहिरात वाचणाऱ्यास वाटतें. परंतु चरबी म्हणजे उशींत भरावयाचा कापूस नव्हे. ती जिवंत पेशींची वस्ती आहे. आणि तिला रक्त कोठून व किती लवकर मिळेल, या एकाच प्रश्नावर या शस्त्रक्रियेचें यशापयश, आणि क्वचित् रुग्णाचें जीवितही, अवलंबून असतें.

रक्ताचें हें महत्त्व पुण्याच्या परिसरांतील एका कारागिरानें सव्वादोन शतकांपूर्वीं ओळखलें होतें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत कावसजी नांवाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत छापलेली आहे. टिपूबरोबरच्या युद्धांत तो इंग्रज सैन्याचे बैल हांकीत असे. तो शत्रूच्या हातीं सांपडला, तेव्हां त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून नवें नाक बसविलें. या कृतींतील मर्म असें कीं, कपाळाची कातडी पूर्णपणें तोडली जात नसे. दोन भुवयांमधील तिचा देठ तसाच ठेवीत, व त्यांतून तिला रक्त मिळत राही. नव्या जागीं ती रुजली म्हणजे सुमारें २५ दिवसांनीं तो देठ कापीत. हीच रीति पुढें ठेवून जोसेफ कार्प्यू यानें १८१४ सालीं लंडनमध्यें नाक तयार केलें, आणि यूरोपांतील प्लास्टिक सर्जरीस त्यामुळें नवी चालना मिळाली.

चरबीला असा देठ राखतां येत नाहीं. ती काढली कीं तिचा रक्ताशीं संबंध तुटतो, आणि नव्या रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत येऊन पोंचेपर्यंत भोंवतालच्या द्रवांतून झिरपणाऱ्या प्राणवायूवरच तिला दिवस कंठावे लागतात. जर्मन शस्त्रवैद्य गुस्टाव्ह नॉयबर यानें १८९३ सालीं दंडांतील चरबीचे तुकडे काढून चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरले. तुकडे लहान असले तर बरे टिकतात, बदामाहून मोठे झाले कीं त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं, असें त्याला आढळलें. दोन वर्षांनीं, १८९५ सालीं, हायडेलबर्ग येथील व्हिन्सेंझ चेर्नी यानें एका गायिकेच्या स्तनांतील गांठ काढल्यावर पडलेली पोकळी तिच्याच कमरेवरील चरबीच्या गांठीनें भरून काढली. पुढें १९५० सालीं अमेरिकन शस्त्रवैद्य लिंडन पीअर यानें दाखवून दिलें कीं, अशा लावलेल्या चरबीचें वजन वर्षभरांत जवळजवळ निम्म्यानें घटतें.

ही घट नको म्हणून कांहींनीं जवळची वाट धरली. व्हिएन्ना येथील रोबेर्ट गेर्झुनी यानें १८९९ सालीं पातळ केलेलें पॅराफिनचें मेण सुईनें शरीरांत घालण्यास आरंभ केला. आकार तत्काळ मिळे. परंतु तें मेण त्वचेखालीं सरकूं लागे, त्याभोंवतीं कठीण गांठी धरत, आणि सुंदर होण्यासाठीं आलेलीं माणसें विद्रूप होऊन बसत. निर्जीव पदार्थ मरत नाहीं हें खरें. पण जिवंत शरीर त्याला आपला म्हणत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

स्वतःच्या चरबीकडे शस्त्रवैद्य पुन्हां वळले ते ती काढण्याची सुलभ रीति सांपडल्यावर. पॅरिसच्या ईव्ह-जेरार इलूझ यानें १९७७ च्या सुमारास बोथट टोंकाच्या नळीनें चरबी शोषून घेण्याची पद्धति रूढ केली. कॅलिफोर्नियांतील जेफ्री क्लाइन यानें १९८७ सालीं जी रीति प्रसिद्ध केली, तींत मिठाच्या पाण्यांत बधिर करणारें औषध व रक्तवाहिन्या आकुंचित करणारें ॲड्रेनॅलिन मिसळून तें द्रावण आधीं चरबींत भरतात. त्यामुळें रक्तस्राव पुष्कळच कमी झाला. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यानें तिसरी पायरी बांधली. शोषलेली चरबी यंत्रांत फिरवून तींतील तेल व पाणी वेगळें करावयाचें. मग बारीक नळी आंत घालून, ती मागें घेतां घेतां, निरनिराळ्या थरांत चरबीचा एक एक सूक्ष्म थेंब सोडावयाचा. एकाच जागीं ढीग घालावयाचा नाहीं.

थेंब इतका लहान कां, याचें उत्तर जपानी संशोधकांच्या २०१२ सालच्या अभ्यासानें स्पष्ट केलें. लावलेल्या चरबीच्या गोळ्यांत अगदीं बाहेरचा, मिलिमीटरच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका थर तेवढा जिवंत राहतो. त्याच्या आंतील थरांत मेदपेशी मरतात, पण तेथील मूलपेशी तग धरून नव्या मेदपेशी घडवितात. त्याहून आंतला गाभा मरतो. तो शरीरांत विरून जातो किंवा त्याच्या जागीं तेलाची गांठ उरते. म्हणूनच एकाच वेळीं हवा तितका आकार देण्याचें वचन कोणत्याही प्रामाणिक शस्त्रवैद्यास देतां येत नाहीं. कांहीं भाग विरणार हें गृहीतच असतें, आणि पुष्कळदां कांहीं महिन्यांनीं पुन्हां एक वेळ चरबी भरावी लागते.

या विद्येचा खरा उपकार ज्यांच्यावर झाला, ते बहुधा जाहिरातींत दिसत नाहींत. भाजल्यामुळें आंखडलेली कातडी, चेहऱ्याची एक बाजू झिजविणारा रोग, कर्करोगासाठीं स्तन काढलेली स्त्री, क्ष-किरणांच्या उपचारानें राठ झालेली छातीची त्वचा—अशा ठिकाणीं ही चरबी भर घालते व पुष्कळदां त्वचाही मऊ करते. स्तनांत चरबी भरण्यास अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संस्थेनें १९८७ सालीं विरोध केला होता, कारण मेलेल्या चरबीच्या कठीण गांठी कर्करोगाच्या तपासणींत घोटाळा करतील अशी भीति होती. क्ष-किरणांनीं त्या गांठी बहुधा वेगळ्या ओळखतां येतात असें अनुभवास आल्यावर त्याच संस्थेच्या समितीनें २००९ सालीं हा निर्बंध सैल केला.

या ठिकाणीं बेत फसला तर बहुधा चरबी विरते, गांठ होते किंवा पुन्हां शस्त्र धरावें लागतें. नितंबांच्या बाबतींत मात्र प्रश्न प्राणाचा होतो. तेथें त्वचेखालीं चरबीचा थर, त्याखालीं जाड स्नायु, आणि स्नायूच्या खोल बाजूस मोठ्या शिरा असतात. त्या शिरांतील रक्त कटीच्या पोकळींतून सरळ हृदयाकडे जातें. स्नायूस रक्ताचा पुरवठा विपुल, तेव्हां चरबी तेथें अधिक रुजेल, असा तर्क करून पूर्वीं पुष्कळ शस्त्रवैद्य मुद्दाम स्नायूंत चरबी भरीत. ज्या रक्तानें चरबीला जगवावें, तेंच येथें मृत्यूची वाट झालें. नळीच्या टोंकानें शीर फाटली कीं दाबानें भरलेली चरबी तींत शिरते, हृदय व फुप्फुसें गांठते, आणि धडधाकट मनुष्य शस्त्रक्रियेच्या मेजावर किंवा त्यानंतर थोड्याच वेळांत दगावतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत हें मृत्यूचें प्रमाण सुमारें ३००० शस्त्रक्रियांत एक इतकें निघालें. मृतांच्या शवविच्छेदनांत चरबी स्नायूंत व शिरांत आढळली.

यावरून २०१८ सालीं प्लास्टिक सर्जनांच्या अनेक संस्थांनीं एकत्र येऊन इशारा दिला कीं, चरबी स्नायूंत कदापि भरूं नये. ती त्वचेखालच्या थरांतच राहिली पाहिजे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यानें २०१९ सालीं हा नियम बंधनकारक केला. २०२२ सालीं तेथें नळीचें टोंक कोठें आहे हें ध्वनिलहरींच्या यंत्रानें पाहत राहण्याची सक्ति झाली, आणि एका शस्त्रवैद्यानें दिवसांत अशा तीनांहून अधिक शस्त्रक्रिया करूं नयेत अशी मर्यादाही घालण्यांत आली. कारण थकलेल्या हातास खोलीचा अंदाज राहत नाहीं. स्नायु टाळण्याची शिस्त पसरल्यानंतरच्या पाहणींत मृत्यूचें प्रमाण पुष्कळ उतरलेलें दिसलें, हें आश्वासक आहे. परंतु स्वस्तांत व घाईंत उरकणाऱ्या ठिकाणीं ही शिस्त पाळली जातेच असें नाहीं.

एक गैरसमजही दूर व्हावयास हवा. ही कृति लठ्ठपणावरील उपाय नव्हे. स्थलांतरित मेदपेशी आपला स्वभाव सोडीत नाहींत. मनुष्याचें वजन वाढलें तर नव्या जागींही त्या फुगतात, उतरलें तर आक्रसतात. पोटावरची चरबी काढली तरी आहार-विहार पूर्वीचाच ठेवल्यास वाढणारा मेद शरीरांत दुसरीकडे जागा शोधतो.

घरांतील कोणीं या शस्त्रक्रियेचा विचार बोलून दाखविला, तर त्याची थट्टा करण्यांत अगर त्यास धाक घालण्यांत हशील नाहीं. त्यानें तो विचार गुप्तपणें तडीस नेण्याचीच शक्यता वाढते. त्याच्या बरोबर जाऊन शस्त्रवैद्यास कांहीं प्रश्न विचारावेत. त्यानें प्लास्टिक सर्जरीचें एम्. सीएच्. सारखें उच्च शिक्षण घेतलें आहे काय? चरबी कोणत्या थरांत जाणार, आणि नळीचें टोंक तो कशानें पाहणार? भूल देणारा स्वतंत्र डॉक्टर हजर असेल काय, आणि प्रसंग आलाच तर अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे? भरलेल्या चरबीपैकीं किती टिकेल, व न टिकल्यास पुढें काय? या प्रश्नांनीं जो रागावत नाहीं, आणि रुग्णाच्या प्रकृतीकडे पाहून “ही शस्त्रक्रिया आपण करूं नये” असें सांगण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच हातीं शरीर द्यावें.