पायी पाहिलेलं जंगल
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या परमनंट-वेच्या डिप्लोमा इंजिनिअरला उभं केलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या. विषय आहे आम्ही सहकुटुंब केलेली एक पहाटफेरी, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यातली. माझा मेहुणा नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. त्याच्याकडे मे महिन्यात आम्ही चौघे गेलो. सासूबाई आधीपासूनच तिथे होत्या. (परदेशी जायला ऑफिसची एनओसी मिळवणं हे त्या फेरीपेक्षा अवघड काम होतं, पण ते जाऊ द्या.)

आपण बहुतेक रेल्वेवाले, म्हणून आधी रेल्वेचं सांगतो. क्रूगरचं मुख्य ठाणं स्कुकुझा. तिथे साबी नदीवर एक जुना लोखंडी रेल्वेपूल आहे. सेलाटीच्या सोन्याच्या खाणींसाठी १८९०च्या दशकात ही लाइन टाकायला घेतली, कंपनीच्या लबाडीमुळे काम मध्येच बंद पडलं आणि १९१२ साली ती पुरी झाली. तोवर सोनं संपत आलेलं! १९२३ साली तिथल्या रेल्वेने नऊ दिवसांची सहलीची गाडी सुरू केली. ती या पुलापाशी रात्री मुक्काम करी. रेंजर प्रवाशांना खाली उतरवून थोडं जंगलात पायी फिरवून आणत. लोकांना संपूर्ण सहलीत तेच जास्त आवडू लागलं. त्या वेळचे अभयारण्याचे वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी ते हेरलं. त्यांना सरकारला पटवायचं होतं की जिवंत जनावर पाहायलाही माणूस पैसे देतो. १९२६ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. पुढच्या वर्षी पहिल्या मोटारी आत आल्या, आणि मग मोटारींचंच राज्य झालं. आज तिथे गाडीतून उतरायची सक्त मनाई आहे. पायी फिरायचं तर गाइडबरोबरच.

आगगाड्याही पुढे त्रासाच्या झाल्या. जनावरं रुळांवर मरत. शेवटी लाइन उद्यानाबाहेरून वळवली आणि १९७३ साली आतली गाडी बंद झाली. आपल्या भागात हत्ती रुळावर आला की कंट्रोलपासून गँगपर्यंत सगळ्यांची काय धावपळ होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. त्या पुलावर २०२० सालापासून जुन्या डब्यांचं हॉटेल उभं आहे. भाडं विचारून आम्ही गप्प परत आलो.

आणखी एक. स्कुकुझा हे नाव त्याच वॉर्डनसाहेबांना तिथल्या लोकांनी ठेवलेलं. अर्थ साधारण ‘सगळं झाडून साफ करणारा’. त्यांनी शिकारी हटवले, तशी आत राहणाऱ्या माणसांची वस्तीही हटवली. आपल्या अचानकमारमधूनही गावं उठली आहेत, त्यामुळे या नावाचा अर्थ छत्तीसगडात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता फेरी. पहाटे साडेपाचला कॅम्पच्या फाटकावर जमलो. मे म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. उघड्या जीपमध्ये कानटोपी असूनही दात वाजत होते. एका तुकडीत जास्तीत जास्त आठ पाहुणे, आणि बारा वर्षांखालचं मूल चालत नाही. आमचे चिरंजीव तेरा वर्षांचे, म्हणून थोडक्यात बसले. आम्ही चौघे आणि एक वयस्क परदेशी जोडपं असे सहा जण होतो. पुढे-मागे दोन गाइड, दोघांकडे जड रायफली. मोठा गाइड त्सोंगा भाषिक, जवळच्याच गावचा. त्याने नियम सांगितले. एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही, काही दिसलं तर चुटकी वाजवायची. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. हा शेवटचा नियम त्याने दोनदा सांगितला.

मग तो आमच्या सौ.कडे पाहून अगदी अदबीने म्हणाला, ‘मॅडम, बांगड्या वाजतात.’ हिच्या हातात काचेच्या बांगड्या. काढायला ही तयार नव्हती. तिने दोन्ही मनगटांवर हातरुमाल घट्ट बांधले. त्याने मान हलवली आणि आम्ही निघालो.

दहा मिनिटांतच झाडीतून असा घोगरा, घुरघुरता आवाज आला की मुलीने माझी बाही पकडली. गाइड हसला. इम्पाला जातीचं हरीण! मे महिना त्यांच्या माजाचा, आणि नर हा असा ओरडतो. नवखे त्याला सिंह समजतात.

सिंह आम्हाला दिसला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. दिसली ती जमीन. जीपमधून जंगल म्हणजे जनावरांचे फोटो. पायी चालताना जंगल म्हणजे शेण, पाऊल, मोडलेली काडी. हत्तीच्या शेणाचा गोळा गाइडने फोडला, आत हात घालून ऊब पाहिली. हत्तीला खाल्ल्यातलं जेमतेम निम्मं पचतं, त्यामुळे आत काड्या, साली जशाच्या तशा. त्यात मरुला फळाच्या कोयी होत्या. मरुला हे आपल्या आंब्याच्या, चारोळीच्या कुळातलं झाड. हत्तीचा पुढचा पाय गोल उमटतो, मागचा लांबट. त्या ठशावरून रात्रीच्या किड्यांची बारीक नक्षी गेली असेल तर हत्ती रात्रीच गेला, ठसा कोरा असेल तर आत्ताच. पुढे पांढऱ्या गेंड्याची शेणाची जागा लागली. नर तिथे रोज येऊन पायाने ते उधळतो आणि आपली हद्द सांगतो. या भागातले पांढरे गेंडे शिकारीने पूर्ण संपले होते. १९६१ पासून उम्फोलोझीहून आणून पुन्हा सोडले, त्यांचे हे वंशज.

मला आपला की-मॅन आठवत होता. खडीवर पांढुरकी धूळ दिसली की तो सांगतो, इथे स्लीपर हलतोय. त्यालाही ते कुठल्या पुस्तकात मिळालेलं नसतं, रोजच्या चालण्यात मिळतं.

साडेसातच्या सुमारास एका कोरड्या ओढ्यात उतरलो. पुढच्या गाइडने मूठ वर केली. सगळे जागच्या जागी. त्याने खिशातून राखेची पुरचुंडी काढून झटकली. राख आमच्या पाठीकडून पुढे गेली, म्हणजे आमचा वास पुढे जात होता. चाळीसेक पावलांवर झुडपाच्या सावलीत दोन काळे दगड होते. त्यातला एक उठून उभा राहिला.

म्हातारे रेडे, कळपातून वेगळे राहणारे. अंगावर वाळलेला चिखल. दुसराही उठला. गाइडची रायफल खांद्यावरून हातात आली, आवाज न होता. मुलगा माझ्या पुढे होता आणि त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने टोपी तोंडात कोंबली, डोळ्यांतून पाणी येत होतं. सौ.ने दोन्ही मनगटं छातीशी धरलेली. मला सारखं वाटत होतं की मुलाला उचलावं आणि पळावं. पुलावर असताना गाडी आली तर आपण ट्रॉली-रेफ्यूजमध्ये उभे राहतो ना, गर्डर हादरत असतो आणि पाय मात्र रोवून ठेवायचे असतात, तसा मी उभा होतो. पण तिथे माझ्यामागे बायको-मुलं नसतात.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मागच्या गाइडने हाताने खूण केली. तोंड रेड्यांकडेच ठेवून आम्ही एकेक पाऊल मागे सरकत ओढ्याच्या काठावर आलो. रेडे आले नाहीत. नुसते नाक वर करून बघत राहिले.

तिथून वाट बदलली. पुढच्या पाणवठ्यावर जायचा बेत होता, तो रद्द. परदेशी गृहस्थ जरा कुरकुरले. मला तो निर्णय आवडला. सेक्शनवर खात्री नसेल तर आपण कॉशन लावतो, प्रवाशांना विचारत नाही.

एका खडकावर बसून बिस्किटं आणि फळांचा रस घेतला. तेव्हा चिरंजीवांना कंठ फुटला. त्याने गाइडला विचारलं, तुम्ही कधी गोळी झाडली आहे का? तो म्हणाला, ‘चौदा वर्षांत एकदाही नाही. झाडावी लागली तर चौकशी बसते, मी तिथे का पोचलो त्याची.’ हे ऐकून सौ. माझ्याकडे पाहून हसली. चौकशी हा शब्द आमच्या घरात चांगलाच परिचयाचा आहे.

साडेनऊला कॅम्पवर परतलो. एकूण पाच किलोमीटर चाललो असू. सासूबाई सत्तरीच्या, गुडघ्यांमुळे मागेच थांबल्या होत्या. त्या नदीकाठच्या बाकावर चहा घेत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘कुठे फिरत होतात रे? इथे समोर नदीत अकरा हत्ती येऊन गेले, दोन तर पिल्लं होती.’ फोटोही त्यांनी काढले होते. आज बाहेर मांडवात लावलेल्या फोटोंपैकी हत्तींचे सगळे त्यांचेच आहेत.