नळाला पाणी नाही, हा प्रश्न कोणाचा?



पदवीदानाच्या व्यासपीठावरून, ज्यांनी शिक्षण अर्धवट सोडलं अशा बाईंचं कौतुक करणं जरा औचित्यभंगाचंच आहे. पण गोरेगावात उभं राहायचं आणि समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. पालकांनी काळजी करू नये. पदव्या मिळून गेल्या आहेत.

मृणालताई माहेरच्या मोहिले, जन्म १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी राष्ट्र सेवा दलात रमली आणि तिने वैद्यकीय शिक्षण सोडलं. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला आणि गोरेगावात संसार मांडला. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेत नव्हतं. १९५७ मध्ये ते महापालिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. आरे रोडवरचं केशव गोरे स्मारक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल; ते या दिवसांतून उभं राहिलं.

१९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या. उपनगरं फुगत चालली होती, जलवाहिन्या मागेच राहिल्या होत्या. रिकामे हंडे घेऊन बायका रस्त्यावर आल्या आणि मृणालताई ‘पाणीवाली बाई’ झाल्या. हे नाव प्रेमाचं, पण त्यांचं निम्मं काम त्याने झाकलं गेलं असं मला वाटतं. मोर्चा निघतो एका दिवसात. त्यानंतर अधिकाऱ्याच्या टेबलापाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं, अर्थसंकल्प वाचावा लागतो. तिथे टाळ्या नसतात.

१९७२ मध्ये महागाईविरुद्ध संयुक्त समिती झाली. त्यात मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर आणि तारा रेड्डी कम्युनिस्ट, तेही दोन वेगळ्या पक्षांच्या. यांचं एरवी किती पटायचं, ते त्यांनाच ठाऊक! पण साखर, तेल, रॉकेल यांसाठी त्या एकत्र राहिल्या. हातात लाटणी घेऊन निघालेल्या त्या बायकांत कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदाच घोषणा देत होत्या. काल पोळ्या लाटलेलं तेच लाटणं, आज मंत्र्याला दाखवायचं. सरकारला दुसरं हत्यार समजलं असतं. याचं काय करावं ते कळेना.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत, मग अकोल्याच्या तुरुंगात. १९७७ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं, तिकडे इंदिरा गांधी हरल्या आणि मुंबईत घोषणा घुमली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आरोग्य खातं देऊ केलं. त्यांनी ते नाकारलं. हा निर्णय बरोबर होता का, यावर तुम्ही वाद घाला. मला स्वतःला तो पटत नाही. खातं हातात असतं तर बरंच काही करता आलं असतं.

१९८५ मध्ये त्या विधानसभेत निवडून आल्या. गर्भलिंगनिदानाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्यावर कायदा केला, देशाच्या आधी सहा वर्षं. इकडे दिंडोशीला, कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या अतिरिक्त जमिनीवर सामान्य नोकरदारांना घरं मिळावीत म्हणून नागरी निवारा परिषदेचा लढा वर्षानुवर्षं चालला आणि सुमारे सहा हजार घरं उभी राहिली. आज तिथे राहणाऱ्यांची मुलं याच सभागृहात बसली असतील.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. आता एक उड्डाणपूल त्यांच्या नावाचा आहे.

मी तुम्हाला मोर्चे काढा म्हणत नाही. तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईल. तिला एरवी निवृत्त काका-मावश्याच असतात. यंदा तुम्ही जा, हिशेब वाचून जा, आणि टँकरवर किती खर्च झाला ते विचारा.