पुराची वर्दी वेळेवर पोहोचावी



कृष्णेला पूर येतो तेव्हा त्या एकाच पाण्याची माहिती अनेक दप्तरांत विभागलेली असते. पावसाचा अंदाज हवामान खाते वर्तविते. कोयना धरणातील साठा व विसर्ग जलसंपदा विभागास ठाऊक असतो. नदीची पातळी केंद्रीय जल आयोगही मोजतो. माणसे हलविण्याची जबाबदारी मात्र महसूल व पोलीस यंत्रणेवर असते. खालचे अलमट्टी धरण तर कर्नाटकात आहे. पाणी यांपैकी कोणाचीच हद्द जाणत नाही.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी कार्यालयाकार्यालयांतील एका तासाचा विलंबही माणसांच्या जिवावर बेततो.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष यांना एकाच प्राधिकरणात आणले. परंतु केवळ कायद्याने सहकार्य घडत नाही. विसर्गाचा आकडा नियंत्रण कक्षाच्या वहीत नोंदला, म्हणजे काम संपले असे नव्हे. नदीकाठच्या वृद्धेला क्युसेकचा अर्थ काय कळणार? ‘पहाटेपर्यंत पाणी देवळाच्या पायरीस लागेल’, एवढेच तिला कळावयास हवे. गेल्या पुराची खूण गावातील शिक्षकांस व पंचायत सदस्यांस माहीत असते. ती त्यांनी पावसाळ्यापूर्वीच तालुक्यास कळवावी, आणि तालुक्याने ती आपल्या नोंदीत घ्यावी.

शेजारच्या कार्यालयाने विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन कळविणे, हाच सहकार्याचा पहिला पाठ होय.