मुलांच्या सहली व पुढाऱ्याची जबाबदारी

लेज्डाउन हें इंग्लंडच्या शेपी बेटावरील एक लहानसें गांव. सन १९१२ च्या ४ ऑगस्टला लंडनच्या वॉलवर्थ भागांतील बालवीरांचें एक पथक शिडाच्या नावेंतून तेथें छावणीसाठीं येत होतें. किनारा दृष्टीच्या टप्प्यांत आला असतां एकाएकीं वाऱ्याचा जबर झोत आला व नाव उलटली. नऊ मुलें बुडालीं. त्या वेळचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं शवें लंडनला आणण्यासाठीं विनाशिका धाडली. नन्हेडच्या दफनभूमींत ब्राँझचा एक बालवीर उभा करण्यांत आला. पुढें १९६९ सालीं तोहि चोरांनीं पळविला!

बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर पहिली प्रायोगिक छावणी भरविली ती १९०७ सालीं. म्हणजे चळवळ जेमतेम पांच वर्षांची असतांना हा घाव बसला. त्यामुळें छावण्या बंद पडल्या नाहींत, हें योग्यच झालें. घरांत कोंडलेलें मूल सुरक्षित असतें, पण तें वाढत नाहीं. मात्र मुलांना बाहेर नेणाऱ्यानें आपल्या हातीं काय सोंपविलें आहे तें जाणलें पाहिजे.

घाटावरच्या मुलांना कोंकणचा समुद्र अनोळखी असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. वाळू सपाट दिसते, लाटा लहान दिसतात, आणि तेथेंच फसगत होते. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. गांवचा कोळी ती तिथीवरून सांगतो. त्याला विचारण्यांत शहरी पुढाऱ्यास कमीपणा कां वाटावा, हें कळत नाहीं. आंत ओढणाऱ्या प्रवाहांत सांपडलेल्यानें किनाऱ्याला समांतर पोहून त्यांतून निसटावें. सरळ किनाऱ्याकडे झगडणारा दमून बुडतो. पोहतांना मुलांच्या जोड्या लावाव्यात व शीळ होतांच प्रत्येकानें जोडीदाराचा हात धरून वर करावा, ही बालवीरांतील पद्धत साधी आहे. परंतु एखादा हात एकटाच वर आला, तर तें त्याच क्षणीं समजतें.

सह्याद्रींतील संकटें निराळीं. पायथ्याशीं ऊन असतां माथ्यावरच्या पावसानें ओढा पाहतां पाहतां गुडघ्यावरून छातीपर्यंत चढतो. शेवाळलेला कातळ, धुरानें उठणारें आग्या मोहोळ, हीं तर ठरलेलींच. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या पावलानें पथक चालावें व एक जाणता माणूस शेवटीं असावा. उशीर झाला, आभाळ भरून आलें, तर शिखर शंभर पावलांवर असलें तरी मागें फिरावें. हें सांगणें सोपें. चाळीस उत्सुक चेहऱ्यांपुढें तसें करणें फार कठीण.

आणखी एक धोका पुष्कळ काळ कोणी बोलून दाखवीत नसे. मुलांस त्रास देणारा कधीं कधीं त्यांच्याच विश्वासांतला प्रौढ असतो. म्हणून आतां कोणत्याहि प्रौढानें एकट्या मुलासह एकांतांत राहूं नये, सोबत दुसरा प्रौढ असावाच, असा दंडक बालवीर चळवळींत आहे. प्रामाणिक पुढाऱ्यास यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. एखाद्या मुलानें कांहीं सांगितलें, तर त्याला गप्प बसवूं नये, हेंहि त्यांतच आलें.

निघण्यापूर्वीं मुलांचीं नांवें, वाट व परतीची वेळ लिहिलेला कागद गांवांतल्या कोणापाशीं ठेवावा. ती वेळ टळतांच शोधास कोणीं निघावयाचें, तेंहि त्यावर लिहावें.