न दुखणारी जखम



आमच्या आळीतले एक काका दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरीला जात. एके वर्षी दिवेघाट चढून सासवडच्या मुक्कामी त्यांनी पायताण काढले, तो तळव्याला फोड फुटून रक्त आलेले. सोबतची मंडळी म्हणाली, "अहो, दुखलं नाही का?" काका म्हणाले, "छे, कळलंसुद्धा नाही!" सगळ्यांनी ती माउलींची कृपा मानली. पण ते न दुखणे हेच खरे दुखणे होते. काकांचा मधुमेह जुना होता. जखम चिघळली आणि पुढे पायाचा अंगठा काढावा लागला.

आता कोणी विचारील, साखर वाढते रक्तात. मग पायाच्या कातडीने काय घोडे मारले? ते शेतीच्या भाषेत सांगतो. खडकवासल्याचा कालवा दौंड-इंदापूरकडे जातो. कालव्यातून चारी, चारीतून दंड, दंडातून वाफा. पिकाला पाणी मिळते ते वाफ्यात. कालवा दुथडी भरला, पण दारे धरणारा गडीच पेंगला, तर पीक वाळायचेच. शरीरातही तसेच आहे. हृदयातून निघालेल्या धमनीला फाटे फुटत फुटत कातडीत केशवाहिन्या होतात. नाव केशवाहिनी, पण ती केसाहूनही कितीतरी बारीक. रक्तातल्या तांबड्या पेशी तिच्यातून अंग चोरून, एकामागे एक अशा जातात.

इथले दारे धरणारे गडी दोन. एक, रक्तवाहिन्यांच्या आतले पेशींचे एकपदरी अस्तर. दुसरे, कातडीतले बारीक मज्जातंतू. ऊब लागली किंवा खरचटले, की हे दोघे लहान धमन्या सैल सोडतात आणि रक्त धावून येते. खरचटल्याभोवती कातडी लाल होते ती त्यामुळेच. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली, की हे दोन्ही गडी निकामी होऊ लागतात. केशवाहिन्यांच्या भिंतीही जाड होतात. गंमत अशी, की एरवी पाय हाताला ऊबदार लागतो. पण जखम झाली, की जादा रक्ताची कुमक वेळेवर येत नाही. मज्जातंतू बधिर, म्हणून दुखत नाही. घाम सुटत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. भेगेतून जंतू शिरतात. तज्ज्ञ मंडळी कातडीचा ठिपका ऊबवून, त्यावर लेसरचा मंद प्रकाश टाकून, रक्त किती वाढले ते मोजतात. मधुमेह्यांत ही वाढ कमी भरते.

केशवाहिन्यांचे हे नियमन उलगडल्याबद्दल डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी मारी यांना मधुमेह होता. १९२२ साली क्रोघ टोरांटोला गेले आणि तिथे नुकतेच सापडलेले इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊनच मायदेशी परतले.

"मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आपली बाळे वजनाने बरीच हलकी. पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी अधिक, असे आढळले. तेव्हा बारीक अंगावर विसंबू नका. रक्त तपासून घ्या.

आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरावा. अनवाणी चालू नये. वहाण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नये. भाजले तरी कळत नाही. भेगांना तेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत नको. कुरूप पात्याने कापू नये. विडी-तंबाखू सोडावी, कारण आधीच अरुंद झालेली वाट ती आणखी आवळते. आणि जखम कितीही लहान असो, ती दुखत नसली तर अधिकच लवकर डॉक्टरांना दाखवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना आठवड्यातून एकदा गृहपाठ द्या: आजी-आजोबांचे तळवे पाहून या. पोरांचे डोळे तीक्ष्ण असतात. आमच्या काकांचा तळवा त्या वर्षी निघण्यापूर्वी कोणी पाहिला असता, तर अंगठा कदाचित वाचला असता.