युरोपातील आश्रयाचा प्रश्न आणि सरकारांचे सहकार्य

14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याचा करार केला. भारतीय प्रवाशाला एकाच व्हिसावर पॅरिसहून बर्लिनला जाता येते, ते याच व्यवस्थेमुळे. परंतु चौकी उठली की ती व्यापाऱ्याप्रमाणे फरारी गुन्हेगारासाठीही उठते, आणि जिवाच्या भीतीने आसरा मागत आलेल्या माणसाचा अर्ज नेमका कोणत्या देशाने तपासायचा, हेही ठरवावे लागते.

या प्रश्नांची उत्तरे प्रथम बंद दाराआड शोधली गेली. दहशतवादाच्या मुकाबल्यासाठी गृहमंत्री 1970 च्या दशकापासून अनौपचारिकपणे भेटत होतेच. 1 नोव्हेंबर 1993 रोजी अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट तहाने या भेटींना युरोपीय संघाच्या ‘तिसऱ्या स्तंभा’चे, म्हणजे न्याय व गृह व्यवहारांतील सरकारी सहकार्याचे, रूप दिले. येथे निर्णयाला सर्व सरकारांचे एकमत लागे, निवडून आलेल्या युरोपीय संसदेचे फक्त मत विचारले जाई आणि न्यायालयाला फारच थोडा अधिकार होता. ज्या विषयांत माणसाला अटक होते किंवा देशाबाहेर काढले जाते, नेमके तेच विषय संसदेच्या आणि न्यायालयाच्या देखरेखीपासून इतके दूर ठेवणे हा या रचनेतील गंभीर दोष होता, आणि तो पूर्णपणे दूर होण्यास 2009 मध्ये अमलात आलेला लिस्बन तह व त्यानंतरचा पाच वर्षांचा संक्रमणकाळ लागला.

सरकारांची इच्छा असली तर मात्र काम झपाट्याने होते. अमेरिकेवरील 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर वर्षभराच्या आत युरोपीय अटक वॉरंटचा निर्णय झाला आणि 2004 पासून ते लागू झाले. पूर्वीच्या प्रत्यार्पणात शेवटचा शब्द मंत्र्याचा असे. आता एका देशाचा न्यायाधीश दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशाकडे थेट आरोपीची मागणी करतो आणि सर्वसाधारणपणे 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

आश्रयाच्या बाबतीत अशी तत्परता दिसली नाही. 1990 मध्ये डब्लिन येथे झालेल्या करारानुसार, कुटुंबीय किंवा आधीचा व्हिसा असे कारण नसल्यास, आश्रयार्थी ज्या देशात प्रथम विनापरवाना शिरला त्या देशाने त्याचा अर्ज तपासायचा असतो. कागदावर हा नियम सर्वांना सारखा असला तरी नकाशावर तो ग्रीस, इटली आणि माल्टा यांच्यावरच कोसळतो, कारण समुद्र ओलांडून येणारा माणूस प्रथम तेथेच पोहोचतो. 2009 मध्ये बेल्जियमने एका अफगाण आश्रयार्थीला याच नियमाने ग्रीसला परत पाठवले; तेथे त्याला गलिच्छ कोठडीत डांबण्यात आले आणि पुढे रस्त्यावर राहावे लागले. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 21 जानेवारी 2011 रोजी ग्रीसला दोषी धरलेच, पण तेथील हालांची माहिती असूनही त्याला पाठवले म्हणून बेल्जियमलाही दोषी धरले. माणूस दुसऱ्याच्या हवाली केल्याने पाठवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे या निकालाने ठामपणे सांगितले, आणि त्याचे मोल फार मोठे आहे.

सरकारांनी मात्र त्यातून पुरेसा बोध घेतला नाही. 2015 मध्ये दहा लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे आले, तेव्हा ग्रीस आणि इटलीतील 1,60,000 आश्रयार्थी इतर देशांनी वाटून घ्यावेत असे ठरले. प्रत्यक्षात सुमारे 35,000 जणच हलवले गेले आणि पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक यांनी कर्तव्य मोडले असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2020 मध्ये दिला. 2024 मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्यांनी परस्परसाहाय्य बंधनकारक केले आहे, परंतु माणसे स्वीकारायची, पैसे द्यायचे की अन्य मदत करायची, याची निवड प्रत्येक देशावर सोडली आहे. त्यांची अंमलबजावणी जून 2026 पासून ठरली असून, प्रथम प्रवेशाचा नियम त्यांतही मुळात कायमच ठेवण्यात आला आहे.